काळी चारचा तोरा

आमच्या ऑर्केस्ट्रात पट्टी तोंडानं सांगायची पद्धत नाही. निवेदक लोकांना हसवत असतो, तेवढ्यात माइकसमोर उभी असलेली गायिका डावा हात पाठीमागं नेते आणि वादकांना बोटं दाखवते. चार बोटं म्हणजे काळी चार, पेटीवरची चौथी काळी पट्टी 'सा' धरायची. तीन बोटं म्हणजे काळी तीन, तिच्याहून एक स्वर, म्हणजे दोन घरं खाली. मी जन्मभर चारच दाखवली.

त्या चार बोटांचा मला फार तोरा होता. दिवसा मी एका दवाखान्यात केसपेपर लिहिते, आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात फोरमन आहेत, आणि संध्याकाळी मी गाते, हे गिटार वाजवतात. सोलापुरात हळद, डोहाळजेवण, निवृत्तीचे सत्कार, सोसायट्यांचे वर्धापनदिन, कशालाही आमचा ग्रुप जातो. कार्यक्रम संपला की बायका भोवती जमायच्या आणि मी हमखास ऐकवायची, "पन्नाशी उलटली, पण पट्टी मूळ रेकॉर्डचीच. काळी चार. एक घर खाली आले नाही अजून." त्या बिचाऱ्यांना पट्टीतलं काय कळणार! त्या "कमालच आहे हो" म्हणायच्या आणि मला तेवढं आठवडाभर पुरायचं.

पट्टी म्हणजे काय हे मला तरी किती कळत होतं म्हणा. नुसता एक सूर वाजवला तर तो कुठली काळी आणि कुठली पांढरी हे ओळखणारे कान देवानं मला दिलेले नाहीत. ह्यांनी गिटारवर सूर द्यायचा, मी तो गळ्यात घ्यायचा आणि निघायचं. घरी रियाजही त्याच गिटारवर. आमची पेटी माळ्यावर पडून होती, उंदरांनी भाता कुरतडला तेव्हापासून. दुरुस्तीला टाका म्हणून मी कितीदा मागं लागले. हे "बघू की" म्हणायचे. सगळ्या सोलापूरची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, आणि घरची पेटी तेवढी होत नाही! मी त्याला आळस समजत होते.

मधल्या काळात ह्यांनी दोन गिटार न्यायला सुरुवात केली होती. एक तुझ्या गाण्यांना, एक बाकीच्यांना, म्हणाले. माझ्या गाण्यांना कशाला वेगळी, असं विचारलं तर म्हणाले, "तिचा आवाज जरा गोल हाय." मला गुदगुल्या झाल्या. पण स्कूटरवर मागं बसून दोन गिटार सांभाळायच्या म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. एक पाठीवर, एक मांडीवर, आणि साडीचा पदर दातात. एकदा सात रस्त्याच्या सिग्नलला एक गिटार शेजारच्या रिक्षात शिरली, आतल्या बाईच्या कपाळाला लागली, आणि त्या बाईनं माझा जो उद्धार केला तो सगळ्या चौकानं ऐकला. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, उद्यापासून एकच गिटार. नाहीतर मी बसनं येईन आणि तुम्ही वाजवा तुमच्या दुकानासकट. हे "बरं" म्हणाले. ह्यांचं हे असंच असतं. भांडण अंगावर आलं की "इरली बिडु" म्हणायचं, म्हणजे असू दे, सोड. ह्यांच्या आईची कानडी ह्यांच्या तोंडात तेवढ्यापुरती उरली आहे. आणि तारा लावताना. तेव्हा ओठातल्या ओठात "ओंदु, एरडु, मूरु", एक दोन तीन, चालू असतं.

त्या एका गिटारवर मग काय व्हायला लागलं, ते मी पाहत होते पण मला दिसत नव्हतं. माझ्या गाण्याला ह्यांचा कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा तो चिमटा, कायम असायचा तिथंच पहिल्या घरात. बोटंही नेहमीची. पण दुसऱ्या कुणाचं गाणं आलं की हे भांबावल्यासारखे व्हायचे. चिमटा काढ, वर सरकव, परत काढ. आम्हांला साथ करणारा कीबोर्डवाला आणि हे एकमेकांकडं बघून भुवया उडवायचे. तारासुद्धा हे पूर्वीपेक्षा जाड आणायला लागले होते. त्यानं बोटांची टोकं फाटली, हे रात्री त्यावर तूप लावायचे. मी म्हणायची, "म्हातारे झालात आता, बोटं बघा कशी झालीत."

आणि मग ते लग्नाच्या वाढदिवसाचं झालं. एका मोठ्या व्यापाऱ्याच्या बंगल्यासमोर मंडप होता. माझं गाणं संपलं, लगेच आमच्या ग्रुपमधल्या गायकाचं सुरू. मधे श्वास घ्यायलाही वेळ नव्हता. कीबोर्ड एका पट्टीत सुरू झाला आणि ह्यांची गिटार भलत्याच पट्टीत, खाली कुठंतरी. असा काही बेसूर आवाज उठला की पहिल्या रांगेतल्या एका पोराला रडू फुटलं. गाणं थांबवावं लागलं. माझ्या हातात माइक होता, तोंडात जीभ होती. मी म्हणाले, "माफ करा मंडळी, आमच्या ह्यांची दुपारची झोप झाली नाही वाटतं. घरी गेल्यावर बघते." मंडप हसला. हेही हसले. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, चांगली जिरली.

आता ते हसू आठवलं की जेवताना घास फिरतो.

त्याच सुमाराला आमच्याकडे एक नवी मुलगी गायला आली होती. गोड गळा, भित्री. तिचा पहिलाच कार्यक्रम. मंचाच्या मागं कीबोर्डजवळ उभी राहून ती हळूच म्हणाली, "काकू, मला अर्धा स्वर खाली चालेल का? वरचं जरा ताणतंय." एक तर काकू. त्यात अर्धा खाली. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वय काय गं तुझं? आत्ताच खाली यायला लागलीस तर माझ्या वयाला तळघरात गाशील." कीबोर्डवाला खाली मान घालून बटणं पुसायला लागला. मुलीनं एकदा कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. थोड्या दिवसांनी तिनं आमचा ग्रुप सोडला आणि स्वतःचे कराओकेचे कार्यक्रम सुरू केले. कराओके म्हणजे वादक नाहीत, मूळ गाण्याचं संगीत मशीनवर वाजणार, आपण वरून गायचं. मी त्यालाही नाकं मुरडली. डब्यातलं गाणं, म्हणाले.

माझ्या भाच्याची हळद टेंभुर्णीच्या एका मंगल कार्यालयात होती. माझं माहेर माळशिरसचं, सगळं गणगोत जमलेलं. ह्यांना कारखान्यातून सुट्टी नव्हती, हे दुसऱ्या दिवशी थेट लग्नाला यायचे होते. मुलीकडच्यांनी करमणुकीला कराओके ठेवला होता आणि लॅपटॉपमागं कोण बसलेलं? आमचा ग्रुप सोडून गेलेली तीच मुलगी. मला बघून उठून उभी राहिली, "काकू, बसा ना." मी मोठेपणानं मान हलवली.

जेवणाआधी माझा धाकटा भाऊ माइक घेऊन उभा राहिला. "आता आमची अक्का गाणार हाय. सोलापूर गाजवलंय तिनं. अक्का, व्हऊ दे की एक!" मावश्या, चुलत्या, सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी आढेवेढे घेतले, घ्यायचे तेवढेच घेतले, आणि उठले. माझं हुकमी गाणं सांगितलं. मुलगी एकदम म्हणाली, "काकू, ट्रॅक मूळ पट्टीतला आहे. थोडा…" मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "मूळच लाव," म्हणाले, माइकमधूनच. "मी मूळच गाते."

मुखड्यालाच मला वाटलं, मशीन चुकलंय. सूर गळ्याच्या वर कुठंतरी टांगलेला. मी टाचा उचलल्या. कसाबसा मुखडा ओढला. अंतऱ्यात एक ओळ आहे, ती वर जाऊन तिथंच थांबते. मी ती ओळ गेली तीस वर्षं डोळे मिटून गात आले. त्या संध्याकाळी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. आधी नुसती हवा, आणि मग एक किंचाळी, फाटलेली. पुढच्या रांगेतली पोरं खो खो हसली. कुणीतरी मोठ्या माणसानं त्यांना गप्प केलं, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. संगीत आपलं पुढं चाललेलं.

मी काय करावं? मी त्या मुलीवर डाफरले. "ट्रॅक वर चढवलायस तू! नीट लाव."

तिला खरं सांगता आलं असतं. माझ्या भावासमोर, भावजयीसमोर, अख्ख्या माहेरासमोर. माइक तिच्याही हातात होता. ती म्हणाली, "सॉरी काकू, चुकून झालं माझ्याकडून." आणि लॅपटॉपवर दोनदा टिचकी मारली. तिनं विचारलं नाही किती खाली घेऊ म्हणून. अंदाज घेतला नाही. दोनदा टिचकी, आणि ट्रॅक पहिल्यापासून सुरू.

सूर कानावर पडला. हाच तो सूर. ह्यांची गिटार मला रोज देते तो. माझ्या गळ्याला त्याची सवय होती, जशी पायाला आपल्या घराच्या उंबऱ्याची असते. मी गायले. अगदी छान गायले. ती अंतऱ्यातली ओळ सरळ गेली, तिथं थांबली, टाळ्या पडल्या. आणि गाता गाता सगळा हिशेब माझ्या डोक्यात लागत गेला. माझी काळी चार ही काळी चार नव्हतीच. काळी तीन होती. ह्या मुलीला ते माहीत होतं. ज्या दिवशी मी तिला तळघर म्हणाले, त्या दिवशी ती कीबोर्डच्या पडद्याशेजारी उभी होती, आणि मी तिला अर्ध्या स्वरासाठी झाडत असताना स्वतः त्याच्या दुप्पट खाली गाऊन आले होते. तो खाली घेतलेला आकडा अजून पडद्यावर असणार. म्हणून तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं होतं आणि एकदा माझ्याकडं.

भाऊ म्हणाला, "बघितलंत? मशीन चुकलं हुतं. आमची अक्का चुकत न्हाय." मी मान डोलवली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. त्या मुलीकडं न बघता मी जाऊन जेवायच्या पंगतीत बसले.

लग्नात ह्यांच्याशी काही बोलले नाही. घरी आल्यावर पहिल्या रविवारी दुपारी, हे गॅलरीत गिटारच्या तारा लावत बसले होते, ओंदु एरडु चाललेलं, तेव्हा मी स्टूल घेऊन माळ्यावरची पेटी काढली. धूळ पुसली. भात्याच्या भोकावर ओल्या फडक्याचा बोळा दाबला आणि काळी चार धरली. पेटी दमेकरी माणसासारखी घरघरली, पण सूर दिला.

"आता तुमची काळी चार वाजवा," मी म्हणाले.

मग चिमटा पहिल्या घरात लावून, नेहमीची बोटं ठेवून, ह्यांनी तार छेडली. दोन सूर एकमेकांशी भांडायला लागले. मी पेटीवर बोट खाली आणत गेले. पांढरी पाच. नाही. काळी तीन. तिथं दोन्ही सूर एक झाले.

"तारा ढिल्या केल्यात," मी म्हणाले.

"व्हय."

"आणि कीबोर्डवाल्यानं?"

"त्याला बटण असतंय. दाबलं की सगळंच खाली. बोटं बदलावी लागत न्हाईत."

म्हणजे मी मागं वळून पाहिलं तरी सगळ्यांची बोटं जिथल्या तिथंच दिसणार. मला दिसावी म्हणूनच तिथं. जाड तारा का, तेही मग सांगितलं. बारीक तारा ढिल्या केल्या की फडफडतात. दोन गिटार का, आणि त्या व्यापाऱ्याच्या मंडपात घोटाळा का झाला, ते मी विचारलं नाही. आपलं आपल्यालाच कळत होतं: एकाच ढिल्या गिटारवर दुसऱ्यांच्या गाण्याला दर वेळी चिमटा वर सरकवावा लागायचा, आणि त्या दिवशी तेवढा वेळच मिळाला नव्हता.

"कधीपासून?"

"तुझी पाळी गेली त्या वर्षी एक घर. नंतर आणखी एक."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं हुतं की. रिक्षात. आवाज जरा बसतोय, एक घर खाली घेऊ म्हणालो. तू म्हणालीस, तुमची गिटार बसलीय, माझा आवाज न्हाय. आणि मग पंचमीपर्यंत बोलली न्हाईस माझ्याशी."

मला ते आठवत नव्हतं. आठवेना म्हणून मी रागावणार होते, आणि मग आठवलं. रिक्षावाल्यासमोर म्हणाले होते. माझी चूक हे माझ्यापासून लपवून ठेवत होते, आणि मी ह्यांची चूक, जी ह्यांची नव्हतीच, माइकवरून जगाला सांगत होते. मला फार लाज वाटली. जमिनीकडं बघत बसावं, वर बघूच नये, अशी. आवाज खाली आला याची नाही, तो वयानं यायचाच. इतकी माणसं मला सांभाळून घेत होती आणि मी त्यांच्याच अंगावर तोरा मिरवत होते, याची.

रडून झाल्यावर मी म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला तारा नीट वर घ्या. कीबोर्डवाल्यालाही सांगा. मी तीन दाखवीन."

"इरली बिडु," हे म्हणाले.

"बिडु नाही. तीन दाखवीन म्हणजे दाखवीन."

हे "बरं" म्हणाले.

पुढचा कार्यक्रम आमच्याच भागातल्या बायकांच्या हळदीकुंकवाचा होता. चहाच्या वेळचा. समोर सगळ्या ओळखीच्या, ज्यांना मी वर्षानुवर्षं काळी चार ऐकवलेली. माझ्याआधी बोलायला उभ्या राहिलेल्या अध्यक्षीणबाईंनी तेच सुरू केलं, "आपल्या ताईंचा आवाज म्हणजे, या वयातही मूळ पट्टी!" टाळ्या. माझा डावा हात पाठीमागं गेला. चार बोटं उघडायला निघाली होती, खोटं कशाला सांगू. सवयीनं नाही, मोहानं. मी करंगळी आत मुडपली. अंगठ्यानं दाबून धरली. तीन.

सूर आला, मी मुखडा उचलला, आणि दुसऱ्याच शब्दाला आवाज तळाला टेकला. खालचा सूर लागेना. पुटपुटल्यासारखं व्हायला लागलं. बायका कान पुढं करून बघायला लागल्या. मी मागं वळले. कीबोर्डवाला पांढराफटक. ह्यांची बोटं तारांवर थांबलेली आणि नजर खाली. मग उजेड पडला. तारा ह्यांनी वर घेतल्याच नव्हत्या. बटणही तसंच होतं. माझ्या तीनच्याही दोन घरं खाली आम्ही सगळे उभे होतो.

मी माइक स्टँडला लावला, ह्यांच्याजवळ गेले आणि गिटारच्या मानेवरचा चिमटा माझ्या हातानं सोडवून दोन घरं वर लावला. ह्यांची फाटलेली बोटं माझ्या बोटांखाली होती. कीबोर्डवाल्याला म्हणाले, "शून्य करा." मग परत माइकशी आले. "आवाज उतरलाय माझा," मी म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून. हे आणि हा मला कळू देत नव्हते. काळी चार वगैरे काही नाही आता. तीन आहे. ऐका." अध्यक्षीणबाई कुंकवाचा करंडा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कुणी टाळी वाजवली नाही. मी गायले. बरं झालं गाणं.

त्या मुलीला फोन करायचा राहिलाय. राहिलाय म्हणजे काय, केलेला नाही. नंबर काढते आणि ठेवून देते.

परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटर थांबली. गिटार माझ्या पाठीवर होती. मी ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "तारा वर घ्या म्हणाले होते ना मी? तुम्ही बरं म्हणाला होता."

हे समोरच बघत होते. म्हणाले, "मला वाटलं, तू चारच दाखवशील."

सिग्नल सुटला. करंगळी मुडपेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.